खुर्च्यांना मोजे

जेवण कशानं बिघडतं, हे मला जितकं कळतं तितकं या जगात कुणालाही कळत नाही. छातीठोकपणे सांगतो! तुम्ही म्हणाल, मीठ कमी पडल्यानं. कुणी म्हणेल भातात खडा, सूपात केस, शेजारच्या टेबलावर रडणारं पोर. साफ चूक! ही सगळी वरवरची कारणं झाली. जेवण बिघडतं ते आवाजानं. चमचा ताटावर खर्रकन घासला की जिभेवरची चव उडते, आणि एकदा उडालेली चव परत येत नाही. ती काय पाळलेलं कबूतर आहे?

हे मी उगाच बोलत नाही. चाळीस वर्षं मी लोकांचे पियानो सुरात लावले. घरोघरी जायचं, पियानोचं झाकण उघडायचं, एकेक तार ताणायची, सैल करायची आणि कान लावून बसायचं. त्या चाळीस वर्षांत माझे कान असे तयार झालेत की पलीकडच्या घरात कुणी बशी खाली ठेवली तरी ती तडकलेली आहे की धड आहे, हे मी इथून सांगतो. बायको होती तेव्हा म्हणायची, "अहो, तुमच्या कानांना निदान रविवारी तरी सुट्टी देत जा!" ती गेली, मग घरात ऐकण्यासारखं काही उरलं नाही. दोन महिन्यांपूर्वी मी काम थांबवलं आणि दुपारचं जेवण ताईकडे सुरू केलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कोपऱ्यावरच्या इमारतीत तळमजल्याला तिची खानावळ आहे. पाच टेबलं, वीस खुर्च्या, मधे एक भिंत, भिंतीत एक खिडकी आणि खिडकीच्या पलीकडे ताई. तिथली रीत मोठी छान होती. माणसानं यायचं आणि बसायचं. कुणाला हाक मारायची नाही, काही मागायचं नाही. जरा वेळानं खिडकीची फळी वर सरकायची, वाफाळतं ताट बाहेर यायचं, पळीचा टण्‌ असा एक ठोका पडायचा, की ज्याचं ताट त्यानं उठून घ्यायचं. भात संपत आला की न मागता आणखी भात यायचा. ताई कधी बाहेर डोकावायचीसुद्धा नाही. अकरा वर्षांत तिनं जेवणाऱ्यांची तोंडं धड पाहिली नव्हती! तरी कोण आलं, कोण संपवत आलं, हे तिला भिंतीआडून कसं कळायचं, हे मी कधी विचारलं नाही. थोरल्या बहिणीबद्दल माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. तिला कळतं म्हणजे कळतं!

एका गुरुवारी दुपारी सगळे गेल्यावर तिनं मला मागच्या दाराशी बोलावलं. पायाशी बादली होती. बादलीत उरलेला भात, भाजी, पावाचे तुकडे.

"बघ," ती म्हणाली.

"काय बघू?"

"दोन महिने झाले, ताटं अर्धी भरलेली परत येतायत. मास्तरांचं बघ. अर्धं. नर्सबाईंचं अर्धं. आणि तो ट्रकवाला! एका बैठकीला चार माणसांचं जेवायचा रे तो! आता चार घास खातो आणि पळतो." तिनं पदरानं डोळे पुसले. "माझ्या हाताची चव गेली रे, बाळ्या."

मी बासष्ट वर्षांचा आहे, पण ताईनं बाळ्या म्हटलं की मला आपोआप खाली बघावंसं वाटतं.

"काहीतरीच काय, ताई!"

"काहीतरी नाही. मी ठरवलंय. लेक कधीची बोलावतेय. रविवारी अख्खी गर्दी असते, या रविवारी जीव ओतून करीन. ताटं रिकामी आली तर ठीक. नाहीतर सोमवारी कुलूप. जाईन लेकीकडे, बसेन तिच्या गॅलरीत मटार सोलत."

ताईला गॅलरीत बसवणं म्हणजे पियानोवर फुलदाणी ठेवणं! चुलीपाशी उभी राहिली तरच ती ताई. शिवाय, खोटं कशाला बोलू, ताई गेली तर मी जेवणार कुठं?

"ताई, तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही!" मी म्हणालो. "दोष आवाजाचा आहे! मी रोज ऐकतो ना! खुर्च्या किर्र करतात, चमचे खणखणतात, दार कुंई करतं, ट्रकवाला भुरके मारतो. अशा गोंगाटात कुणाच्या घशाखाली घास उतरेल? तू मला शनिवारचा दिवस दे. रविवारी ताटं चाटूनपुसून परत आली नाहीत तर नाव सांगणार नाही!"

ताईनं बादली पायानं बाजूला सारली. "कर बाबा काय करायचं ते. फक्त माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

ही अट घालायला कारण होतं. मागे एकदा मी तिची पातेली वाजवून बघून सुरांच्या क्रमानं मांडून ठेवली होती. दोन दिवस तिला दुधाचं पातेलं सापडलं नव्हतं.

शनिवारी खानावळ बंद असते. सकाळी सातलाच मी किल्ली घेऊन गेलो. सोबत माझी जुनी पिशवी, सरसाची बाटली आणि पियानोच्या हातोड्यांना लावतात त्या जाड हिरव्या लोकरी नमद्याचे तुकडे. चाळीस वर्षांत साठलेले! एकेक खुर्ची उलटी केली, पायाचं माप घेतलं, नमदा कापला, चिकटवला, दोऱ्यानं आवळला. वीस खुर्च्या, ऐंशी पाय. दुपारपर्यंत सगळ्या खुर्च्यांनी हिरवे मोजे घातले होते. मी एक खुर्ची ओढून पाहिली. आवाज नाही! जोरात ओढली. नाही! खुर्ची फरशीवरून ढगासारखी गेली हो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मला थांबवणारं कोण? टेबलांवर जुन्या मऊ घोंगड्या घातल्या. धातूचे सगळे चमचे उचलून लाकडी ठेवले. दाराच्या बिजागऱ्यांना तेल पाजलं. दारावरच्या घंटीत कापूस कोंबला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं, त्याला थांबवलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ती खिडकी! तिच्यातून ताईच्या भांड्यांचा धडाधड आवाज बाहेर यायचा. तिच्या फळीवर बाहेरून कापसाची जाड गादी ठोकली. स्वयंपाकघराच्या दारालाही तशीच. शेवटी रस्त्याकडच्या काचांना हिरवट पातळ पडदे लावले.

काम संपवून मी मधल्या खुर्चीत बसलो. संध्याकाळचं ऊन पडद्यातून गाळून आत आलं होतं आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी हिरवी दिसत होती. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यांचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. मला वाटलं, बायकोला हे दाखवायला हवं होतं. ती म्हणाली असती, "चला, मिळाली एकदाची तुमच्या कानांना सुट्टी." मी तिथं किती वेळ बसलो कोण जाणे. घड्याळ मीच बंद केलं होतं.

रविवार उजाडला. बाराला दार उघडलं, म्हणजे उघडलं असावं. कारण मास्तर एकदम माझ्यासमोर उभेच! हे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. यायचे ते खाकरतच यायचे. आज त्यांनी खाकरण्यासाठी तोंड उघडलं, खोलीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. खुर्ची ओढली. खुर्ची काही बोलली नाही. मास्तरांनी वाकून तिच्या पायांकडे पाहिलं.

"मोजे?" ते कुजबुजले.

मी ओठांवर बोट ठेवून मान डोलावली.

मागोमाग नर्सबाई आल्या. दवाखान्यातली पाळी संपवून थेट इकडे येतात. मग एक जोडपं आलं, मग तिघे कारकून, मग कुणाकुणाचे पाहुणे. साडेबारापर्यंत विसाच्या वीस खुर्च्या भरल्या. शेवटी ट्रकवाला. हा माणूस एरवी दारातून "काय मंडळी!" अशी आरोळी ठोकत येतो आणि खुर्ची पायानं ओढतो. आज त्यानं "काय मं" एवढंच म्हटलं. पुढचं "डळी" त्या हिरव्या उजेडात कुठंतरी विरून गेलं. तो चोरपावलांनी आपल्या जागेवर गेला आणि एवढा मोठा देह असा हळूच खुर्चीत सोडला, की मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

वीस माणसं बसली होती आणि पडद्याची किनार हललेलीसुद्धा ऐकू येत होती. आधी थोडी कुजबुज झाली, मग तीही विझली. एवढ्या शांततेत आपण काय बोलायचं, असं प्रत्येकाला वाटलं असणार. लोक हात मांडीवर घेऊन बसले. उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण वर जात होते, खाली येत होते. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

पाऊण वाजत आला असेल. खिडकी काही उघडली नाही.

ताई जीव ओतून करतेय, मी मनाशी म्हणालो. चांगल्या गोष्टीला वेळ लागतोच. शिवाय दाराखालून वास यायला लागला होता. काय वास, काय वास! भाजलेल्या कांद्याचा, लोण्याचा, ताज्या पावाचा. तो वास त्या शांत खोलीत टेबलाटेबलावरून हिंडत होता आणि लोकांच्या माना त्याच्यामागून वळत होत्या.

एक वाजला असावा. तेवढ्यात ट्रकवाल्याचं पोट गुरगुरलं. एरवी ते कुणाला कळलंही नसतं, पण आज खोलीत वीज कडाडल्यासारखं झालं! मी त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो, बोललो काही नाही. बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि डोळ्यांनीच माफी मागितली.

मास्तर उठले. हिंमत करून खिडकीपाशी गेले आणि त्यांनी टकटक केली. म्हणजे बोटं हलली. आवाज आला तो गादीवर मांजर बसल्यासारखा. त्यांनी मूठ वळून मारली. फुस्स! कोपरापर्यंत हात गादीत रुतला. मास्तरांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

मी कुजबुजलो, "उत्तम बसवलीय की नाही?"

"बाई आत आहेत ना?"

"आहेत तर! वास येत नाही का?"

"मग ताट का येत नाही?"

"येईल हो! आज खास आहे!" मी म्हणालो. "आणि मास्तर, जरा हळू."

मास्तर परत जाऊन बसले. मी आत जाऊन बघायला हवं होतं, हे मलाही आता कळतं. पण ताईनं शब्द घेतला होता, आणि शिवाय खरं सांगायचं तर उठवत नव्हतं. काय होतं त्या खोलीत कोण जाणे! हिरवा उजेड, घोंगड्यांची ऊब, लोण्याचा वास आणि ती मी स्वतः तयार केलेली शांतता. पहिल्यांदा नर्सबाईंची मान कलली. त्यांची रात्रपाळी झालेली होती. मग एक कारकून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. जोडप्यानं एकमेकांच्या डोक्याला डोकं टेकवलं. ट्रकवाल्यानं टेबलावरच्या घोंगडीवर गाल ठेवला आणि लहान मुलासारखी तोंडाची हालचाल करू लागला. झोपेत जेवत होता!

मी म्हटलं, एक क्षणभर आपणही डोळे मिटू.

स्वप्नात मी एका भल्यामोठ्या पियानोपुढे उभा होतो. झाकण उघडलं तर आत तारांच्या जागी शेवया ताणून बसवलेल्या! मी एक शेवई छेडली. सूर निघाला नाही, चव निघाली. ही आंबट, ही तिखट, ही जरा कमी शिजलेली. मी एकेक शेवई ताणून चव लावत होतो आणि समोर बायको ताट घेऊन बसली होती. म्हणत होती, "होऊ द्या तुमचं सावकाश. मला कुठं घाई आहे?" इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! तेवढ्यात कुणीतरी रडून नाक वर ओढल्याचं ऐकू आलं.

मी डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. डोळे लाल, नाक लाल, हातात पाटी. पाटीवर खडूनं लिहिलेलं, 'खानावळ कायमची बंद.' ती पाटी बाहेरच्या दाराला लावायला म्हणून ती निघाली होती, आणि समोर बघते तर काय, वीस माणसं! विसांतली वीस झोपलेली!

"अगंबाई!" ताई एवढ्या मोठ्यानं ओरडली की खिडकीवरची गादीसुद्धा हादरली. "मेले की काय हे सगळे!"

नर्सबाई दचकून उठल्या आणि सवयीनं शेजारच्या कारकुनाची नाडी बघायला लागल्या. ट्रकवाला "आलो, आलो!" म्हणत उभा राहिला. कुठं येतोय हे त्यालाही माहीत नव्हतं.

"बाळ्या! हे काय आहे? हे कधी आले?"

"बाराला, ताई. किती वाजले?"

"अडीच!"

"अडीच? मग तू ताटं का नाही वाढलीस?"

"कुणाला वाढू?" ताईचा आवाज फाटला. "अरे, मी कानानं वाढते! खुर्ची किर्र वाजली की कळतं माणूस बसला. किती खुर्च्या वाजल्या तितकी ताटं करते. ट्रकवाल्याची खुर्ची वाजली की मोठं ताट. चमचा तळाला खरडला की भात पाठवते. अकरा वर्षं असंच करतेय! आज बारापासून कान लावून बसले. एक खुर्ची हलेना, एक चमचा वाजेना. साडेबारा झाले, एक झाला. मला वाटलं... मला वाटलं, आज एक माणूससुद्धा आला नाही. दीडला मी चूल बंद केली."

खोलीत पुन्हा शांतता पसरली. ही मी तयार केलेली नव्हती.

मास्तर डोळे चोळत पुढं आले. त्यांच्या गालावर घोंगडीच्या रेघा उठल्या होत्या. "बाई," ते म्हणाले, "आम्ही तर बारालाच आलो होतो. सगळेच आलो होतो. रविवारी तुमच्याकडे नाही यायचं तर आम्ही जायचं कुठं?"

ताईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या हातातली पाटी कधी खाली गेली, तिलाही कळलं नाही. मग पदर खोचून म्हणाली, "बसा! पाच मिनिटं! कुणी उठलं तर बघा!"

आणि मग काय सांगू! चूल पेटली, खिडकीची फळी वर गेली ती खाली आलीच नाही. ताटांवर ताटं बाहेर यायला लागली. लोकांच्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, त्यांची सभा भरली होती! लाकडी चमच्यानं पोट भरेना म्हणून ट्रकवाल्यानं चमचा खिशात घातला आणि आडवा हात मारला. मास्तरांनी तीनदा भात घेतला. नर्सबाईंनी पावानं ताट असं पुसलं की ते धुवायची गरज उरली नाही. जेवणाऱ्यांचा काही पत्ता कानाला लागत नसल्यामुळे ताईला स्वतः बाहेर येऊन बघावं लागत होतं. ती पळी हातात धरून टेबलांच्या मधे उभी होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती लोकांना जेवताना बघत होती. कुणी घास घेतला की त्याच्या तोंडाकडे बघायची, त्यानं गिळलं की हिचा चेहरा उजळायचा. शेवटी ताटं गोळा केली. वीस ताटं. दाणा नाही!

"रिकामी आहेत रे," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "सगळी रिकामी!"

आता माझी वेळ होती! मी उठलो, सदरा सारखा केला.

"बघितलंस, ताई? मी म्हटलं नव्हतं? चूक आवाजाची होती! जरा शांतता केली आणि ताटं चाटूनपुसून साफ! थोडा उशीर झाला असेल, पण पद्धत बरोबर होती. काय मंडळी?"

मास्तर टेबलावरच्या घोंगडीकडे बघत होते. नर्सबाईंनी ट्रकवाल्याला कोपर मारलं. ट्रकवाल्यानं मास्तरांना मारलं. शेवटी नर्सबाईच उभ्या राहिल्या.

"ताई, तुमच्या हाताच्या चवीला काही झालेलं नाही. ती होती तशीच आहे हो!"

"मग दोन महिने उष्टं का टाकत होतात?"

"काका असतात ना समोर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "घास तोंडात घातला की हे असे मान तिरकी करून ऐकतात. मग भुवई वर करतात. मी ऑपरेशनच्या खोलीत एवढी घाबरत नाही. तो घास गिळायचा तरी कसा?"

"सूपाचा भुरका मारून मला दोन महिने झाले," ट्रकवाला म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज रडवेला झाला होता. "एकदा मारला तर काकांनी 'च्‌' केलं. तेव्हापासून मी सूप चावून खातो."

"मला तर ते म्हणाले, मास्तर, तुमचा डावा दात अर्धा सूर खाली आहे," मास्तर म्हणाले. "तेव्हापासून मी उजवीकडूनच जेवतो. अर्धंच जेवण होतं!"

मी म्हणालो, "अहो, पण तो आहेच खाली!"

ताई माझ्याकडे वळली. लहानपणी मी शेजाऱ्यांच्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्या उपटून आणल्या होत्या तेव्हा तिनं असं पाहिलं होतं. तेव्हा निदान पळायला अंगण होतं.

"म्हणजे दोन महिने मी रडतेय," ती एकेक शब्द मोजून म्हणाली, "मीठ चारचारदा बघतेय, मसाले बदलतेय, लेकीला फोन करून सामान बांधायचं म्हणतेय, ते तुझ्या भुवईपायी?"

"ताई, मी फक्त ऐकत होतो..."

"उद्यापासून डबा! साडेअकराला यायचं, मागच्या दारानं डबा न्यायचा, घरी बसून जेवायचं. आणि जायच्या आधी हे सगळे मोजे काढ!"

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! उरलेली दुपार मी जमिनीवर बसून ऐंशी मोजे काढत होतो. सरस माझाच, फार चिवट निघाला. एकेक खुर्ची मोकळी झाली की ट्रकवाला ती पायानं ओढून बघायचा. किर्रर्र! आतून ताई ओरडायची, "आली ऐकू!" आणि सगळे टाळ्या वाजवायचे. पाटी ताईनं पुसून टाकली. लेकीला फोन करून सांगितलं, मटार तूच सोल, मला वेळ नाही.

सोमवारपासून मी घरी जेवू लागलो. माझ्या घरात काय शांतता आहे म्हणून सांगू! घड्याळ नाही, दार वाजत नाही, शेजारी म्हातारे आहेत, ते हलतसुद्धा नाहीत. जन्मभर मला असंच जेवायचं होतं. डबा उघडला, पहिला घास घेतला. ताईच्या हाताचा भात, गरम, मोकळा, शीत न्‌ शीत वेगळं. तो तोंडात फिरत राहिला. समोरची खुर्ची रिकामी होती. मी पाण्याचा घोट घेऊन घास खाली ढकलला. दुसरा घास घेतला, तोही फिरत राहिला. बुधवारपर्यंत माझे डबे अर्धे भरलेले परत जाऊ लागले.

"तुला रे काय झालं आता?" ताईनं मागच्या दारातून विचारलं.

"काही नाही. भूक नाही."

हे मी तिला सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगतो. फार वाईट वाटत होतं. गुरुवारी डबा घेऊन घरी जायला पाय वळेनात. खानावळीच्या पुढं बसथांबा आहे, तिथल्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी बॅग घेतलेला एक विक्रेता होता, बहुतेक गाद्या विकणारा, फोनवर जिवाच्या आकांतानं ओरडत होता. "हो साहेब! कापूसच! शुद्ध कापूस!" समोरून गाड्या जात होत्या, ब्रेक किंचाळत होते, दोन बायका भांडत होत्या, एक कुत्रं दोघींवर भुंकत होतं. एकही आवाज दुसऱ्याशी सुरात नव्हता. मी डबा उघडला.

काय चव होती हो! भात घशातून असा उतरला की मी डोळेच मिटले. त्या सगळ्या कोलाहलात मला वाटलं, मी एका मोठ्या पंगतीत बसलोय आणि अख्खं गाव माझ्याबरोबर जेवतंय. भाजी संपली, पाव संपला, मी डब्याच्या कडा बोटांनी पुसत होतो आणि मनात ठरवत होतो, की उद्या ताईपुढे नाक घासायचं, मान सरळ ठेवायची, भुवई खाली ठेवायची, पण त्या किर्र करणाऱ्या खुर्चीवर परत बसायचं. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

तो विक्रेता होता. त्यानं फोन छातीशी दाबून धरला होता आणि फार अदबीनं वाकला होता.

"काका, रागावू नका," तो म्हणाला, "पण जरा हळू चावता का? तुमच्या मचमचीत फोनवरच्या माणसाला माझं बोलणं ऐकू जात नाहीये."

चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मी शेवटचा घास तोंडात तसाच धरला, मान तिरकी केली आणि एकदाच चावून ऐकलं. विक्रेता असून माणूस खरं बोलत होता.